चुनखडीच्या मुलखातून खाडीकडे: प्लवकांच्या मागावर सहा दिवस

दिवस पहिला: हिप्परगा तलाव

जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेतले पाळणे उतरले की समुद्राच्या आम्लीकरणाच्या अभ्यासासाठी प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, गोळा करायला रत्नागिरी गाठावी. त्या दिवसांत समुद्र शांत असतो, सकाळी मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा) वारा असतो आणि पाण्यात गाळ कमी असतो. पहिला दिवस मात्र सोलापुरातच काढावा. होडीत बसल्यावर लक्षात आलेली चूक होडीत दुरुस्त करता येत नाही. म्हणून तुळजापूर रस्त्यावरच्या हिप्परगा तलावावर सगळं सामान मांडून रंगीत तालीम केली.

सोलापूरच्या डाळिंबवाल्याला सामू (पीएच) म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माती परीक्षणाच्या कागदावर तो ८च्या वर दिसला, ढेकळावर टाकलेला सौम्य आम्लाचा थेंब फसफसला, की जमिनीत चुनखडी आहे हे त्याला कळतं. ती फसफस म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. शिंपल्यातल्या पिल्लाचं कवच, कोकोलिथोफोर या सूक्ष्म शैवालावरच्या चकत्या आणि टेरोपॉड या पोहणाऱ्या गोगलगाईची नळी, सगळं त्याच पदार्थाचं असतं. रचना तेवढ्या दोन: कॅल्साइट आणि अ‍ॅरागोनाइट. अ‍ॅरागोनाइट लवकर विरघळतं. टेरोपॉड आणि शिंपल्यांची पिल्लं नेमकं तेच वापरतात.

माणूस दरवर्षी हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र घेतो. तो पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल होतं आणि त्यातून हायड्रोजन आयन सुटतात. हे आयन पाण्यातल्या कार्बोनेटला धरून त्याचं बायकार्बोनेट करतात, म्हणजे कवच बांधायचा मालच कमी होतो. औद्योगिक काळाच्या सुरुवातीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू ८.२वरून ८.१वर आला आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण सामूची मोजपट्टी लॉगॅरिदमची आहे. ०.१ची घसरण म्हणजे हायड्रोजन आयनांत २६ टक्के वाढ.

शाळेत शिंपला व्हिनेगरमध्ये टाकून ‘समुद्राचं आम्लीकरण’ दाखवतात. तो प्रयोग बंद करावा असं आमचं स्पष्ट मत आहे. व्हिनेगरचा सामू अडीचच्या आसपास असतो. उत्सर्जन चढतंच राहिलं तरी शतकाअखेरीस समुद्र ७.७च्या आसपास असेल, म्हणजे अल्कधर्मीच. त्रास कवच विरघळण्याआधी सुरू होतो, तो कवच बांधण्याच्या खर्चात. व्हिनेगरच्या पेल्यात हा खर्च दिसत नाही.

तालमीचा मुख्य विषय सामूमापक. बाजारात मिळणाऱ्या ४, ७ आणि ९.२च्या बफर (ठरलेल्या सामूचं द्रावण) बनवायच्या गोळ्या साध्या पाण्यासाठी असतात. त्यांवर इलेक्ट्रोडचा उतार, म्हणजे सामूबरोबर त्याचा विद्युतदाब किती बदलतो ते, तपासता येतो: ९५ टक्क्यांच्या खाली आला तर इलेक्ट्रोड बदला. पण समुद्राच्या पाण्याचा सामू त्यांवरून ठरवू नये. समुद्राच्या पाण्यात मीठ लिटरला ३५ ग्रॅम. बफरमधून इलेक्ट्रोड थेट तिथे गेला की त्याच्या जोडाशी विद्युतदाब बदलतो आणि वाचन सरकतं. त्यासाठी कृत्रिम समुद्राच्या पाण्यात बनवलेला ट्रिस बफर लागतो. ३५ क्षारतेला (खारेपणाला) आणि २५ अंश सेल्सियसला त्याचा सामू ८.०९. मोजणीआधी इलेक्ट्रोड तासभर समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. हे सगळं नीट केलं तरी चूक ०.०२च्या आसपास राहतेच.

हवाईजवळच्या अलोहा या स्थानकावर १९८८ पासून मोजणी चालू आहे. तिथला सामू वर्षाला सुमारे ०.००२ने उतरतो. म्हणजे चांगल्या इलेक्ट्रोडची चूकच दहा वर्षांच्या बदलाएवढी, आणि दशांशाच्या एका घरापर्यंत वाचणाऱ्या खिशातल्या यंत्राची एक पायरी म्हणजे पन्नास वर्षं. एका सहलीत आम्लीकरण ‘सापडलं’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सहलीत पाहायचं ते वेगळं: पाण्यात कोण राहतं, त्यातलं कुणाचं कवच चुन्याचं आहे आणि किनाऱ्याचं पाणी एका दिवसात किती हलतं.

दिवस दुसरा: सोलापूर ते रत्नागिरी

मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, हातखंबा, असे पावणेचारशे किलोमीटर. पहाटे पाचला निघालं तर उजेडात पोचता येतं. नमुने टिकवायच्या फॉर्मलिनची बाटली एसटीत किंवा रेल्वेत न्यायची नाही. स्वतंत्र गाडी, तीही मागची खिडकी उघडी ठेवून. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा रसायनांच्या पेटीपासून दूर ठेवायचा.

या रस्त्यावर एक गोष्ट बघत जावी. सीना, भीमा, माण, कृष्णा, पंचगंगा, वाटेत लागणारी प्रत्येक नदी बंगालच्या उपसागराकडे जाते. बेसॉल्टच्या पठारावरून शेकडो किलोमीटर वाहताना ती खडकातून बायकार्बोनेट उचलते, म्हणून आपल्याकडचं पाणी जड आणि भांड्याला पांढरा थर धरणारं. आंबा घाट उतरला की पाणी अरबी समुद्राकडे वळतं. कोकणातल्या नद्या आखूड, उतार तीव्र आणि बराचसा मुलूख जांभ्याचा. हे पाणी मऊ असतं, आम्ल झेलायची त्याची ताकद, म्हणजे अल्कलिनिटी, कमी. पावसाळ्यात असं पाणी खाडीत लोटतं तेव्हा खारेपणाबरोबर ही झेलायची ताकदही पातळ होते.

म्हणून साखरप्याला गाडी थांबवून काजळी नदीची एक बाटली भरून घ्यायची. हीच नदी पुढे भाट्याच्या खाडीत समुद्राला मिळते. नदीचं टोक हातात नसेल तर खाडीतल्या मधल्या आकड्यांचा अर्थ लावता येत नाही.

दिवस तिसरा: मिरकरवाड्याहून बाहेर

भरतीची वेळ कोकणात तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट. माघ शुद्ध नवमी, म्हणजे पावणेसात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी उधाणाइतकं चढत-उतरत नाही आणि प्रवाह मंद असल्याने जाळं सरळ ओढता येतं. साडेसहाला मिरकरवाड्याचं बंदर सोडलं तर साडेदहापर्यंत मतलईवर काम उरकतं. दुपारी खारे वारे उठले की लाटा तुटायला लागतात, जाळ्याचं तोंड पाण्याबाहेर येतं आणि नमुना वाया जातो. लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालायचं आणि तांडेल (होडीचा प्रमुख) परत फिरू म्हणाला की वाद न घालता फिरायचं.

दहा मीटर खोलीच्या जागी पोचल्यावर कामांचा क्रम असा.

आधी पाणी, मग जाळं. जाळ्याने आणि होडीच्या पंख्याने पाणी ढवळलं की वरचं-खालचं एक होतं. पाणी बाटलीत ओतायचं नाही. नळीचं टोक बाटलीच्या तळाशी टेकवून भरायचं आणि बाटलीभर पाणी वरून वाहू द्यायचं. बुडबुडे आले तर हवेशी वायूची देवाणघेवाण होते आणि सामू बदलतो. नंतर प्रयोगशाळेत नेऊन मोजायचं असेल तर २५० मिलिलिटर काचेच्या बाटलीत संपृक्त मर्क्युरिक क्लोराइडचे ५० मायक्रोलिटर टाकून आतला सगळा जीव मारावा लागतो आणि गरम झाल्यावर फुगायला २.५ मिलिलिटर जागा सोडावी लागते. हे जहाल विष आहे, विद्यार्थ्यांच्या तुकडीत ते नेऊच नये. त्याऐवजी बाटली काठोकाठ भरायची, काळ्या कापडात गुंडाळायची आणि सामू तासाभरात मोजायचा. उशीर झाला तर प्लवकांच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि सामू उतरतो. बाटली उन्हात राहिली तर प्रकाशसंश्लेषणाने उलट चढतो. तापमानही लिहायचं, कारण पाणी एक अंशाने तापलं की सामू ०.०१५ने कमी दिसतो.

अल्कलिनिटीचं मात्र सोपं आहे. कार्बन डायऑक्साइड आत गेला किंवा बाहेर आला तरी ती बदलत नाही. गाळून थंड ठेवलेली बाटली सोलापूरपर्यंत चालते. सामू किनाऱ्यावर, अल्कलिनिटी घरी: या दोन आकड्यांना क्षारता आणि तापमानाची जोड दिली की बाकीचं रसायन गणिताने निघतं.

जाळ्यांच्या दोन जाती सोबत हव्यात. प्राणिप्लवकांसाठी २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्राची, वनस्पतिप्लवकांसाठी २० मायक्रॉनची. तोंडाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर तोंडाचं क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस मीटर होतं. १०० मीटर ओढलं की ७.०७ घनमीटर पाणी गाळलं गेलं, पण हे कागदावर. छिद्रं तुंबली की पाणी जाळ्यात न शिरता तोंडावरून बाजूला वळतं आणि घनता खोटी कमी येते. म्हणून तोंडात फ्लोमीटर (आत शिरलेलं पाणी मोजणारा) बांधायचा, तोही मध्यावर नाही, मध्य आणि कड यांच्या साधारण अर्ध्यावर. होडी चालत्या माणसापेक्षाही हळू, ताशी दोन-अडीच किलोमीटर, आणि ओढ पाच मिनिटांची. जाळं वर आलं की बाहेरून पाणी मारून चिकटलेलं सगळं जाळ्याच्या खालच्या टोकाच्या डब्यात उतरवायचं. आतून मारलं तर मारलेल्या पाण्यातले प्लवकही हिशेबात येतात.

२० मायक्रॉनचं जाळं फक्त ओळखीसाठी. मोजणीसाठी एक लिटर पाणी तसंच घ्यायचं. कोकोलिथोफोर पाच-दहा मायक्रॉनचे, ते या जाळ्यातूनही निसटतात. जाळ्यातल्या नमुन्यावरून ‘इथे चुन्याचं शैवाल नाही’ असं लिहिलेले प्रकल्प आम्ही पाहिले आहेत. ते जाळ्यात आलंच नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

होडीतच होणारी चूक

यावर थोडं थांबायला हवं. आम्लीकरणाचा नमुना बहुतेकदा समुद्रात बिघडत नाही, बाटलीत बिघडतो.

फॉर्मलिन पडून राहिलं की त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं. तसंच वापरलं तर काही आठवड्यांत टेरोपॉडची नळी दुधी होते, मग तिला भोकं पडतात, मग ती नाहीशी होते. बघणाऱ्याला वाटतं, समुद्राने कवच खाल्लं. खाल्लेलं असतं बाटलीने. उपाय स्वस्त आहे. बाजारातल्या ४० टक्क्यांच्या एक लिटर फॉर्मलिनमध्ये साधारण २० ग्रॅम बोरॅक्स टाकून रात्रभर ठेवायचं आणि सामू ८च्या थोडा वर आहे का ते बघायचं. २२५ मिलिलिटर नमुन्यात हे २५ मिलिलिटर टाकलं की अंतिम प्रमाण ४ टक्के होतं. प्लवकांनी बाटलीचा चौथा हिस्सासुद्धा भरता कामा नये. गर्दी झाली तर मेलेल्या पेशींच्या कुजण्यानेही आम्ल सुटतं. फॉर्मलिनने कर्करोगाचा धोका असतो, त्यामुळे हातमोजे घालून, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून काम करायचं.

शैवालाचा नमुना टिकवायच्या लुगोल आयोडीनचंही तेच. नेहमीच्या कृतीत अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं. डायटम या सूक्ष्म शैवालाचं कवच सिलिकाचं, त्याला काही होत नाही, पण कोकोलिथोफोरच्या चकत्या विरघळून नुसता गोळा उरतो. एक लिटर पाण्याचे दोन भाग करायचे: एकात लुगोल (चहासारखा रंग येईपर्यंत), दुसऱ्यात बोरॅक्स घातलेलं फॉर्मलिन.

तिसरी चूक सर्वांत निरागस. गाळणकागदावरचं मीठ धुवायला लोक डिस्टिल्ड वॉटर वापरतात. हवेला उघड्या असलेल्या शुद्ध पाण्याचा सामू ५.६च्या आसपास असतो, तोही हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळेच. त्यात अमोनियाचा एखादा थेंब टाकून ते किंचित अल्कधर्मी करून घ्यायचं, मगच धुवायचं.

दिवस चौथा: भाट्याची खाडी

दशमी. भरती साडेसातला, ओहोटी दीडच्या पुढे. एकाच दिवशी तीन जागांवर दोन्ही वेळा पाणी घ्यायचं: खाडीचं तोंड, भाट्याचा पूल आणि वर कांदळवनाजवळ. भरतीला समुद्र आत येतो तेव्हा तिन्ही जागा एकमेकींसारख्या वागतात. ओहोटी लागली की कांदळवनाच्या चिखलातलं पाणी झिरपून खाडीत येतं. त्या चिखलात पानं कुजत असतात, त्यामुळे हे पाणी कार्बन डायऑक्साइडने भरलेलं आणि सामूने उतरलेलं असतं. काही तासांत होणारा हा फरक खुल्या समुद्रातल्या कित्येक दशकांच्या घसरणीपेक्षा मोठा असू शकतो.

यावरून ‘खाडीतले जीव सवयीचे, त्यांना काय फरक पडतो’ असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. रोजच्या चढउतारात काही तास वाईट असतात आणि जीव ते तास काढतात. सरासरी खाली सरकली की वाईट तास लांबतात. शिंपल्याच्या पिल्लाचं पहिलं कवच अंड्यातून निघाल्यावर साधारण दोन दिवसांत बांधून व्हावं लागतं आणि तोवर त्याला बाहेरचं अन्न घेता येत नाही. सगळा खर्च अंड्यातल्या शिदोरीवर चालतो. वाईट तास नेमके त्या दोन दिवसांत आले तर शिदोरी कवचावरच संपते.

याचा सर्वांत ठळक दाखला अमेरिकेच्या ऑरेगन किनाऱ्यावरचा. २००७च्या सुमारास तिथल्या व्हिस्की क्रीक या कालव पैदास केंद्रात पिल्लं ढिगाने मरू लागली. आधी जंतूंवर संशय गेला. कारण निघालं ते खोल समुद्रातून वर येणारं, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी. आत घेतलेल्या पाण्यात सोडियम कार्बोनेट मिसळायला सुरुवात केल्यावर पैदास सावरली. कोकणात कालवं आणि तिसऱ्या (शिंपले) खाणाऱ्यांनी आणि ओहोटीला त्या वेचून घर चालवणाऱ्या बायांनी ही गोष्ट ऐकलेली असावी.

आपल्या किनाऱ्यालाही असं पाणी वर येतं, पण जानेवारीत नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचं, प्राणवायू कमी असलेलं पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागात चढतं. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोरच्या ठरलेल्या जागेवर वर्षानुवर्षं हे मोजत आली आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो. जिथे श्वसनाने प्राणवायू संपला, तिथे कार्बन डायऑक्साइड साठलेला असणारच. म्हणून हिवाळ्यातली एक फेरी अर्धीच. दसऱ्याच्या आसपास दुसरी हवी.

दिवस पाचवा: झाडगाव आणि परतीची बांधाबांध

सकाळी सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय. मुलांना प्रौढ प्राणी दाखवून त्यांची पिल्लं आपल्या बाटलीत शोधायला सांगावं, सूक्ष्मदर्शकासमोर कंटाळा येत नाही. दुपारी निघायचं.

जिवंत नमुना न्यायचा असेल तर जाळ्यातला माल वीसपट समुद्राच्या पाण्यात पातळ करून दहा लिटरच्या कॅनमध्ये, सावलीत. दाटीत कोपेपॉड (झिंग्याच्या जातकुळीतले बारीक प्राणिप्लवक) प्राणवायूअभावी घाटाआधीच मरतात. त्या कॅनला बर्फ लावायचा नाही, बर्फ फक्त अल्कलिनिटीच्या बाटल्यांना. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलने लिहायची. पेनची शाई फॉर्मलिनमध्ये उतरते आणि मग कुठली बाटली कुठली, ते कळत नाही.

दिवस सहावा: सोलापूर, सूक्ष्मदर्शकाखाली

मोजणीसाठी सेजविक-राफ्टर कोश (नमुना भरायची खोलगट काचपट्टी): ५० बाय २० मिलिमीटर, खोली १, म्हणजे बरोबर १ मिलिलिटर. बाटली हळू उलटीपालटी करून नमुना एकसारखा करायचा. गोल गरगर फिरवली तर जड कवचं मध्यावर गोळा होतात. समजा २५० मिलिलिटरच्या बाटलीतून काढलेल्या एका मिलिलिटरमध्ये ४० कोपेपॉड आले, तर बाटलीत १०,००० आणि ७.०७ घनमीटर पाण्यामागे घनमीटरला सुमारे १,४१४. असे तीन कोश मोजून सरासरी घ्यायची.

बहुतेक नजर डायटमच भरून टाकतात: कॉसिनोडिस्कसच्या गोल चकत्या, किटोसेरॉसच्या काटेरी साखळ्या, थॅलॅसिओनेमाची नागमोडी पट्टी. कार्बन डायऑक्साइड वाढला की यांचं भलं होईल असं पूर्वी वाटायचं. पण बहुतेक डायटमांकडे पाण्यातला कार्बन पेशीत ओढून साठवायची यंत्रणा आधीच असते, त्यामुळे नफा थोडाच. प्राणिप्लवकांत अकार्शिया, पॅराकॅलानस, ओइथोना हे कोपेपॉड. त्यांचं कवच कायटिनचं, थेट आम्लाला ते बऱ्यापैकी टिकतात. त्यांच्यावरचा घाव अन्नातून येतो. २०१० साली उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डच्या फ्योर्डमध्ये (चिंचोळ्या खाडीत) मोठ्या तरंगत्या पिशव्यांत कार्बन डायऑक्साइड वाढवून पाहिला तेव्हा सर्वांत बारीक, एक-दोन मायक्रॉनच्या शैवालांचं फावलं. इतकं बारीक अन्न कोपेपॉडला धरता येत नाही. मध्ये आणखी एक खाणारा लागतो आणि प्रत्येक पायरीला बहुतांश ऊर्जा गळते. ध्रुवाजवळचं उत्तर कोकणाला जसंच्या तसं लागू करू नये, पण तारली आणि बांगडा याच शिडीच्या वरच्या पायरीवर आहेत.

चुन्याचे जीव शोधायला सूक्ष्मदर्शकावर दोन पोलरायझर (प्रकाशाला एकाच दिशेत कंपू देणारे गाळण) एकमेकांना काटकोनात लावायचे. सगळं काळं होतं आणि कॅल्साइटच्या चकत्या तेवढ्या चमकतात. शिंपल्या-गोगलगाईंची पिल्लंही अशीच उजळतात. बिजागरीची रेघ सरळ आहे का, कडेला खाच पडली आहे का, हे प्रत्येक पिल्लाचं टिपायचं. नुसती संख्या लिहून भागत नाही.

आम्लीकरणाचा प्रयोग करायचा तर फुंकणीने तोंडची हवा सोडू नका. उच्छ्वासात चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, हवेतल्याच्या जवळजवळ शंभरपट. त्याऐवजी १० लिटर समुद्राच्या पाण्यात ८४ मिलिग्रॅम खाण्याचा सोडा आणि ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे १० मिलिलिटर घालून झाकण लगेच बंद करायचं. अल्कलिनिटी तशीच राहते, विरघळलेला कार्बन किलोला १०० मायक्रोमोलने वाढतो आणि आपल्याकडच्या उबदार पाण्यात सामू जवळपास ०.२ने उतरतो. शेजारी काहीच न घातलेलं भांडं हवं, आणि दोन्हींचे किमान तीन-तीन संच. आम्ल घातलं पण सोडा विसरला तर अल्कलिनिटी घसरते, आणि तो प्रयोग आम्लीकरणाचा राहत नाही.

सगळं मोजून झालं की बाटल्या फेकायच्या नाहीत. कपाटात, अंधारात, झाकणावर तारीख, तिथी, भरतीची वेळ आणि पाण्याचं तापमान. सहा महिन्यांनी प्रत्येक बाटली उघडून सामूपट्टी बुडवायची. ८च्या खाली आला असेल तर चिमूटभर बोरॅक्स टाकायचं आणि त्या दिवसाची नोंद चिठ्ठीच्या मागे पेन्सिलने करायची.